दोन मीटरचा उंचवटा

१

शेजाऱ्याच्या परसातला उंचवटा कापून पियानोवाल्याला काय मिळणार होतं?

पहिली गोष्ट म्हणजे शांतता. पियानो सुरात लावणाऱ्या माणसाचं दुकान म्हणजे त्याचे दोन कान, आणि त्या दुकानाच्या दारात गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी चार ते सहा एक मोटरसायकल बोंबलत होती. कुंपणापलीकडे गॅरेजवाल्याने आपल्या लेकीसाठी मातीचा ट्रॅक केला होता: वळणं, खड्डे, आणि मधोमध उडी मारायचा मोठा उंचवटा. दुसरी म्हणजे समाधान. पालिकेकडे एक्केचाळीस तक्रारी करून ज्याला एक्केचाळीस शिक्के मिळाले आणि बाकी काही मिळालं नाही, त्याला एखाद्या दिवशी फावडं उचलावंसं वाटलं तर नवल नाही.

हे झालं मिळकतीचं. जाणार काय होतं, तर एका मुलीचा पाय. तो गेला बुधवारी सकाळी सात वाजून एकोणीस मिनिटांनी. कोणीतरी उंचवट्याचा माथा वीतभर छाटून ठेवला होता. गॅरेजवाल्याची लेक भिंगरी रोजच्या वेगाने आली, उडाली, पलीकडच्या उतरणीपर्यंत पोचलीच नाही. मांडीचं हाड दोन जागी मोडलं.

"शुक्रवारी चार वाजता सुनावणी," पालिकेचे मुख्याधिकारी म्हणाले. "त्याआधी फाइलीचं एक पानी टिपण मला टेबलावर हवं. त्यात लिहा, की शेजाऱ्यावर संशयाला पुरेशी जागा आहे. मी सही करतो आणि कागद पोलिसांकडे जातो."

"आणि जागा पुरेशी नसली तर?" आवकबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं बसलेल्या बाईला असं बघून गप्प करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी दर वेळी ते करून बघायचे.

"बाई, आज शुक्रवार आहे. दहा वाजलेत."

बाईंनी फाइल काखेत मारली. निवृत्तीला सात महिने उरले होते. आतापर्यंत त्यांनी कागद घेतले होते आणि कागद पाठवले होते. मधल्या मध्ये कागद वाचायची सवय मात्र त्यांना कधी लागली नव्हती, आणि ते आज महागात पडणार होतं.

२

पियानोवाल्याच्या दारावर कोणीतरी कोळशाने दोन शब्द लिहिले होते. ते पुसायचा प्रयत्न झालेला होता, त्यामुळे आता ते जास्त ठळक दिसत होते.

"बसा," तो म्हणाला. "चहा विचारत नाही. काल ज्या घरी गेलो त्यांनी मला दारातच थांबवलं. म्हणाले, पियानो ठीक आहे, परत कधीतरी. माझी बॅग उघडायच्या आधी. बाई, मी लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरून हातोडी, पक्कड आणि तारा घेऊन काम करणारा माणूस. पोलिसांत नाव गेलं की मला कोण आत घेणार?"

"म्हणून तर आले. खरं सांगा, तुम्हाला तो ट्रॅक बंद व्हायला हवा होता ना?"

"अर्थात. सहा महिने डोकं फोडत होतो, की नुसता टेप घेऊन या आणि तो उंचवटा मोजा. परवान्यात लिहिलंय, दोन मीटरच्या वर नको. एकदा जास्त भरला की परवाना रद्द. मी खिडकीतून नजरेने मोजलाय, दोन मीटर वीस तर नक्की." त्याने बोट उचललं. "आता मला सांगा, जो उंचवटा मोजला गेला की माझं काम होणार, तो मोजायच्या आधी मी कशाला कापीन?"

हे बाईंनी मिळकतीत धरलंच नव्हतं.

"बुधवारी पहाटे काही ऐकलंत का? कोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

"मला?"

"बुधवारी दहा वाजता पान देऊन गेलो. आवाजाची नोंद. तुमचा शिक्का आहे."

बाईंनी फाइल उघडली. एक्केचाळिसावं पान. वर त्यांचाच गोल शिक्का, त्यांची सही, आणि खाली तो बारीक, सरळ अक्षरातला मजकूर, जो त्यांनी घेतला होता, टोचला होता आणि बंद केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते हेच.

"पहाटे ५.१०. फावडं, मातीत. ५.५०. फावड्याची पाठ, थापटणं, सावकाश. ६.०५. पाण्याचा पंप, पंधरा मिनिटं. ७.१८. मोटरसायकल, परवानगीच्या वेळेबाहेर."

त्याखाली ७.१९ लिहिलं होतं. पुढे काही नव्हतं.

"इथे काय लिहायचं ते सुचलं नाही," पियानोवाला म्हणाला. "तिने रोजच्यासारखीच मूठ पिळली होती. तेवढीच, तिथेच. ती पोरगी कधी चुकत नाही, हे मी दोन वर्षं दात ओठ खात ऐकलंय. इंजिन हवेत मोकळं होतं ना, ते मोकळेपण त्या दिवशी लवकर संपलं. मी खिडकी उघडून धावलो. रुग्णवाहिकेला फोन मीच केला."

"थापटणं सावकाश, म्हणजे?"

"म्हणजे रागाने नाही. पोराला झोपवताना थोपटतात तसं."

३

रुग्णालयात भिंगरीच्या पायाला वजन टांगलं होतं. वय एकोणीस, कपाळावर खरचटलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"मावशी, तुम्ही पालिकेच्या ना? मग आधी मला दंड करा. परवानगी चार ते सहाची होती. मी सकाळी चोरून निघाले. या आठवड्यात दुकानात माझी दुपारची पाळी लागली. रविवारी शर्यत. म्हटलं, बाबा गॅरेज उघडायला गेले की एक फेरी मारू."

"बाबांना माहीत नव्हतं?"

"कळलं असतं तर तंगडी मोडली असती." ती हसायला गेली, मग पायाकडे बघून थांबली. "तेवढं त्यांचं काम वाचलं."

"रोज फिरायच्या आधी ट्रॅकवर पायी चक्कर मारतेस म्हणे."

"नेहमी. त्या दिवशी नाही मारली. घाई होती. मारली असती तर दिसलं असतं." तिने उशीवर मान वळवली. "पाणीपण मारलेलं होतं. रात्री सर येऊन गेली होती, तरी कोणी मूर्खाने पाणी मारलं. सगळी माती एका रंगाची, काळीभोर. ताजी कापलेली वेगळी दिसते ना."

"पंपाचं बटण कुठे असतं गं?"

"शेडमध्ये. कुलपात." तिने सहज सांगितलं आणि पुढच्याच श्वासाला तिचा चेहरा आवळला. "मावशी, कोणी केलं ते शोधा. मला फक्त नाव हवंय. दोन दिवस सगळ्यांना विचारतेय. बाबा इथे माझा हात धरून बसलेले असतात. त्यांनापण विचारते. ते म्हणतात, त्या पियानोवाल्याला सोडणार नाही."

बाईंना त्या क्षणी पाणी प्यावंसं वाटलं. त्यांनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

४

ट्रॅकच्या मागच्या बाजूला रोपवाटिका. तिथली मालकीण, जिला सगळे मावशी म्हणत, ती दुसरी संशयित. दोन वर्षं तिच्या रोपांवर ट्रॅकची धूळ बसत होती, फावडी तिच्याकडे डझनभर होती, आणि जीभ त्याहून धारदार.

"मी कापला? ताई, मी कापला असता तर वीतभर नाही, मुळापासून कापला असता. आणि ती माती तिथे ठेवली असती होय? चाळलेली, खडा नसलेली चिकणमाती आहे. माझीच. गेल्या वर्षी त्याने नेली आणि तेव्हापासून रोज माझ्याच रोपांवर उडवतोय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"कापलेली माती गेली कुठे मग? मघाशी कुंपणावरून बघितलं, उंचवट्याच्या बाजूला ढेकूळभर नाही."

"मला काय माहीत? माझी रिकामी पोती मात्र गेलीत. दहा. मंगळवारी संध्याकाळी तोच घेऊन गेला."

"तोच म्हणजे?"

"गॅरेजवाला. म्हणाला गिऱ्हाइकाला हवीत. म्हटलं, ने बाबा, तेवढीच आवराआवर."

बाईंनी तारीख दोनदा विचारली. मंगळवार. उंचवटा बुधवारी पहाटे कापला गेला. पोती आदल्या संध्याकाळी.

तिथून त्यांनी मोजणीदाराला फोन केला. तो तिसरा संशयित; गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने त्याला टेपसकट फाटकाबाहेर काढलं होतं आणि "तुझा डोंगर मी सपाट करीन" असं तो भर रस्त्यात म्हणाला होता.

"बाई, ते रागाच्या भरात," तो येताच म्हणाला. "मी घरी माझ्या कुंड्यापण बायकोला उचलायला लावतो."

"तुझा राग नको, टेप हवाय."

उंचवट्याभोवती गॅरेजवाल्याने दोरी बांधून ठेवली होती आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: पुरावा, हात लावू नये. तो स्वतः रुग्णालयाच्या वाटेवर होता. मोजणीदाराने टेप खाली सोडला, डोळा लावला, पुन्हा सोडला.

"किती?"

"दोन मीटर."

"बरोबर सांग."

"बरोबरच सांगतोय. दोन मीटर शून्य. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही." त्याने डोकं खाजवलं. "बाई, मला सरकारी टेपने असं नेमकं काही कधी मिळालेलं नाही."

शेडच्या दाराला फट होती. बाई फटीला डोळा लावून बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. आत ताडपत्रीखाली पोती, त्यांच्यावर ओलं गोणपाट. माती वाळू नये म्हणून. शत्रूला माती वाळायची काळजी नसते.

त्या ताठ झाल्या तेव्हा कंबर दुखत होती. सगळं जुळत होतं, एक सोडून. बुधवारी आठ वाजता पालिका अचानक मोजणी करणार होती, अपघातामुळे ती राहून गेली; हे आधी तीनच माणसांना माहीत होतं: साहेब, मोजणीदार आणि त्या स्वतः. गॅरेजवाल्याला कोणी सांगितलं?

५

"मी नाही सांगितलं," मोजणीदार म्हणाला. "मी त्याच्याशी बोलतच नाही, तर चुगली कशाला करीन?"

साहेबांना तर ट्रॅक कुठे आहे हेही सांगता आलं नसतं.

तीन वाजता बाई पालिकेच्या आवारात जीपजवळ आल्या. ड्रायव्हर पाय पसरून झोपला होता.

"ए, ऊठ. मंगळवारी जीप कुठे होती?"

"तेल बदलायला टाकली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. का?"

"कुठे?"

"नेहमीचीच जागा. आपला गॅरेजवाला. दहा वर्षं तोच करतो."

"आणि दुसऱ्या दिवशी जीप कुठे जायची ती चिठ्ठी?"

"असते की. इथे." ड्रायव्हरने समोरची सावलीची पट्टी खाली ओढली. चिमट्यात एकावर एक चिठ्ठ्या होत्या. "तुम्हीच सोमवारी आठवड्याच्या सगळ्या एकदम लिहून देता. इथेच लावतो, म्हणजे हरवत नाहीत."

बाईंनी चिमटा काढला. तिसरी चिठ्ठी. बुधवार, सकाळी आठ, मोजणीदार, वरची गल्ली, मोटरसायकलचा ट्रॅक, उंची. सुवाच्य, टपोरं अक्षर. एकतीस वर्षं सगळे ज्या अक्षराचं कौतुक करत आले ते. आणि कोपऱ्यात वंगणाचा काळा अंगठा.

अचानक करायच्या मोजणीची वर्दी खुद्द ट्रॅकच्या मालकाला, पालिकेच्याच जीपने, घरपोच.

"काही घोटाळा झाला का बाई?" ड्रायव्हर उठून बसला.

"झाला."

त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. चिठ्ठी पर्समध्ये टाकायची आणि टिपणात एवढंच लिहायचं की संशयाला जागा अपुरी. पियानोवाला थोडा सुटला असता, थोडा नाही. लोक म्हणाले असते, पुरावा मिळाला नाही, नाहीतर तोच. किंवा चिठ्ठी टेबलावर ठेवायची. साडेतीन वाजले होते. गॅरेजवाला सुनावणीला आलेला त्यांना जिन्यात दिसला.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगता का मी वाचू?"

त्याच्या बोटांना वंगण होतं, डोळ्यांना झोप नव्हती. त्याने बाईंकडे बघितलं आणि मग जिन्याच्या कठड्याकडे.

"काय सांगू? माझ्या पोरीचा पाय गेला, बाई. मीच सांगू?"

आणि तो वर गेला.

६

सुनावणीच्या खोलीत पंखा होता आणि तो चालत नव्हता. पियानोवाला एका टोकाला मांडीवर बॅग घेऊन बसला होता, पुढच्या कामाला जायचं असल्यासारखा. मागे मोजणीदार, रोपवाटिकेची मावशी आणि गल्लीतली दहा-बारा माणसं.

"वाचा," साहेब म्हणाले. पेन त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. टिपण एका पानाचं होतं, पण त्यांनी ते वाचलं नाही.

"साहेब, एक माणूस शेजाऱ्याचा काटा काढायला पहाटे येतो. माथा छाटतो. ठीक. मग फावड्याच्या पाठीने सावकाश थापटून गुळगुळीत करतो. मग कुलपातलं बटण दाबून पाणी मारतो, म्हणजे कापलेला रंग लपेल. मग कापलेली माती दहा पोत्यांत भरतो, शेडमध्ये नेतो, वाळू नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकतो. पोती त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवलीत. आणि कापतो किती? परवान्याला हवा तेवढा. दोन मीटर शून्य. साहेब, द्वेष टेप लावून कोण करतं?"

पियानोवाल्याने मांडीवरची बॅग खाली ठेवली.

"हे ज्याने केलं त्याला मुलीला पाडायचं नव्हतं. पालिकेला फसवायचं होतं. आठ वाजता मोजणी झाली असती, दोन मीटर भरला असता, परवाना राहिला असता. साडेआठला माती परत वर चढली असती. संध्याकाळी चारला, मुलगी यायच्या आत, सगळं जागच्या जागी."

"थांबा," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते ऐकत आहेत असं वाटलं. "मोजणी अचानक होती. त्यांना कसं कळलं? हे नाही सांगता आलं तर बाकीचं सगळं कीर्तन आहे."

गॅरेजवाल्याने मान वर केली. त्याला ठाऊक होतं हे भोक कुठे आहे, आणि ते बुजवलं तर कोणाचं नाव निघेल.

बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"माझं अक्षर आहे. जीप त्यांच्याकडे तेल बदलायला गेली, चिठ्ठी तिच्याबरोबर गेली. अंगठा त्यांचा आहे, ते ओळखतील. आणि बुधवारी दहाला पियानोवाल्यांनी हे सगळे आवाज लिहून दिले, तेही मी शिक्का मारून टोचले. वाचले असते तर या माणसाच्या दारावर कोळसा लागला नसता."

साहेबांचं पेन तसंच उघडं राहिलं.

"मला वाटलं ती संध्याकाळीच निघेल," गॅरेजवाला म्हणाला. आवाज इतका लहान, की फक्त पियानोवाल्याने मान वळवली. "चार ते सहा. परवानगी तशीच आहे ना? मी शटर उघडत होतो. फोन आला. तिथे पोचलो तर हा तिच्याजवळ बसलेला. मला... मला कोणीतरी हवा होता. मी नसलेला कोणीतरी."

"मला तुम्ही ओळखत होता," पियानोवाला म्हणाला. "दोन वर्षं."

"भांडत होतो."

"तेच म्हणतोय."

७

कोणी किती भरलं, ते असं.

पियानोवाल्याचं नाव पोलिसांत गेलं नाही. ज्या तीन घरांनी त्याला दारातून परतवलं होतं, त्यांतलं एक परत आलं. बाकी दोघांनी दुसरा माणूस शोधला. चूक कबूल करण्यापेक्षा बेसूर पियानो बरा वाटतो लोकांना.

रोपवाटिकेच्या मावशीने पोती परत मागितली आणि तिला ती मिळाली.

आवकबाईंच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांत पहिली लाल ओळ आली: गोपनीय माहिती उघड करण्यास कारणीभूत. ती ओळ लिहायला साहेबांना दुसऱ्या कोणाचं अक्षर आवडेना, म्हणून बाईंनीच लिहून दिली आणि त्यांनी खाली सही केली. साहेबांना हे सगळं एका सहीला पडलं.

गॅरेजवाल्याचा परवाना रद्द झाला. ट्रॅक त्याने स्वतः सपाट केला, मजूर न लावता, आठ दिवस. कुंपणापलीकडची खिडकी तेवढे दिवस उघडी होती. तक्रार आली नाही.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणी संपल्यावर तो आधी रुग्णालयात गेला, आणि त्याने विनवलं म्हणून बाई बरोबर गेल्या. त्याने पलंगाजवळ उभं राहून सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून गोणपाटापर्यंत. भिंगरी ऐकत राहिली.

"पडले त्याचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "चोरून निघाले ती मी. पण दोन दिवस मी तुम्हाला विचारत होते ना, बाबा? कोणी केलं म्हणून? तेव्हा तुम्ही माझा हात धरला होतात."

त्याने हात पुढे केला. तिने आपला चादरीखाली घेतला.

डॉक्टर म्हणाले, पाय वर्षभरात पूर्ववत होईल. बाकीच्याला किती लागेल, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.